फक्त वाचणारं यंत्र

शनिवारी कुलूप हातात घेतलं आणि ती आली.
खोडेलीव्ह. वय एकाहत्तर. सायकलच्या टोपलीत
टॉवेलात गुंडाळलेला डॅक,
दवाखान्यात नेलेल्या मांजरासारखा.
"याला वाचता येत नाही," म्हणाली,
"हा नुसता बोलतो. याच्यासाठी वाचणारं काहीतरी दे.
ज्याला स्वतःचं मत नसेल असं."

तीस वर्षं झाली मला हासेल्टमध्ये हे दुकान मांडून,
जुने अ‍ॅम्प, जुने स्पीकर, गिऱ्हाइकंही बहुतेक जुनीच,
पण ट्रान्सपोर्टची इतकी नेमकी व्याख्या
माझ्याकडच्या कुठल्याच माहितीपत्रकात नाही.

मी माझं नेहमीचं सुरू केलं:
ऑप्टिकल नको, कोअ‍ॅक्सियल घे;
सेकंदाच्या अब्जाव्या भागाची थरथर;
घड्याळ इकडचं धरायचं की तिकडचं;
आकडे काय, आकडेच, पण वेळेवर पोचले तर.
ती ऐकत होती,
दुसऱ्या फलाटावरच्या गाडीची घोषणा ऐकावी तशी.

मग मी ठेवणीतलं काढलं.
सत्त्याऐंशी सालचं, नऊ किलोचं, ओतीव धातूचा सांगाडा,
आत भिंगाचा हात, झोपाळ्यासारखा हलणारा.
इथलंच, कालव्यापलीकडच्या कारखान्यातलं.
तिनं ते उलटं केलं. विचारलंबिचारलं नाही.
चष्मा कपाळावर सरकवला, फटीतून आत पाहिलं,
आणि तिची बोटं हवेतच काहीतरी पिळू लागली:
डावीकडे पाऊण आटा, थांब, परत थोडं.
"अकरा वर्षं," म्हणाली. "दिवसाला दोनशे चाळीस.
सोमवारची वाईट निघायची."
"आणि हे?"
"हे सोमवारचंच असणार बघ."

मला वाटलं, सौदा झाला.
मनातल्या मनात मी किंमत पन्नास युरोनं उतरवलीसुद्धा,
मग जरा विचार करून, तीसनंच.

तिनं कोटाच्या खिशातून तबकडी काढली.
गावच्या बँडची, चर्चच्या सभागृहात मुद्रित केलेली.
वेष्टनावर पितळी वाद्यं, आणि एका ओळीत मिश्या.
चौथ्या तुकड्यावर ओरखडा, नखाएवढा.
जुन्या यंत्रानं पहिले तीन असे वाचले
की मी कुलूप खाली ठेवलं.
चौथ्यात ठेचकाळलं. आणि उडी मारून पुढे गेलं,
काही झालंच नाही अशा थाटात,
खानदानी माणसं जातात तसं.

मग कोपऱ्यातलं लावलं. नवं, हलकं,
पत्र्याचा डबाच म्हणावा असं,
नाव धड लक्षात न राहणारं.
मी ते आपणहून कुणाला दाखवत नाही.
त्यानं ओरखड्यावर पाऊल दिलं
आणि चालत पलीकडे गेलं. मधलं काहीच गाळलं नाही.
ट्युबा थांबतो, कॉर्नेट अजून यायचं असतं,
आणि त्या फटीत
कुणीतरी खोकतं.
कोरडं. एकदाच. तोंडावर हात धरून.

तिनं मागे घेतलं. पुन्हा खोकला.
माझ्याकडे न बघता म्हणाली, "हेच."
कुणाचा, ते मी विचारलं नाही.
तीस वर्षांत एवढं तरी कळतं.

"आणि हे?" मी जुन्यावर हात ठेवला. "तुझ्या हातचं आहे."
"त्याची नजर गेली. माझीही चाललीय.
सुटे भाग आता कुणाचेच मिळत नाहीत.
तू ठेव. धडधाकट तबकड्यांना बरं आहे ते."

एकशे साठ युरोची केबल मी दाखवली, सवयीनं.
ती हसली. पंधराची घेतली.
आणि पंधरातही दोन कमी केले.

खोका टोपलीत मावेना.
डॅक पाठीवरच्या पिशवीत, खोका कॅरियरवर दोरीनं,
दोरी माझी, गाठ तिची;
अशी गाठ की मला ती सोडवता आली नसती.

ती वळणाआड गेल्यावर मी जुन्याचं झाकण काढलं.
तो स्क्रू शोधला.
त्याच्या डोक्यावर लाखेचा लाल ठिपका,
इतका नीट, की बोट लावून पाहिलं, वाळलाय का.

कुलूप कुठे ठेवलं होतं
ते सापडायला मग बराच वेळ लागला.